४१२ पैकी ५१ खाती उघडत नाहीत, दर वेळी तीच ५१ (ओपनएसएसएल, एईएस सीबीसी, सी कोड)

उद्यमनगर_सी लिहितात:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण पूर्ण वाचा, दोन आठवडे झाले यातच अडकलोय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात सॉफ्टवेअरच्या एका छोट्या दुकानात कामाला आहे. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देतो, म्हणजे वजनकाटा आणि फॅट मशीन सिरियल पोर्टला जोडायचं, सभासद नंबर टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दर सगळं स्लिपवर छापून येतं. कोड सगळा सी मध्ये, लिनक्सवर चालतो. दर दहा दिवसांनी बिलाची फाइल तयार होते, ती पेनड्राइव्हवर तालुक्याच्या ऑफिसला जाते आणि तिथनं बँकेत. त्या फाइलीत सभासदांचे खाते नंबर उघडेच असायचे, पेनड्राइव्ह काय कुणाच्याही हातात पडतो, म्हणून ते झाकायचं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं एन्क्रिप्ट करायचं, काम माझ्याकडं आलं.

आधी मी ओपनएसएसएल या लायब्ररीतलं एईएस_एन्क्रिप्ट हे फंक्शन थेट वापरलं होतं (एईएस ही झाकायची प्रमाण पद्धत), १६-१६ बाइटचे तुकडे करून. चाललं, पण कंपाइल करताना हे फंक्शन आता वापरू नका अशी वॉर्निंग यायची, आणि दुसरं म्हणजे आयएफएससीचा कॉलम बघितला तर सगळ्या गावाचा एकसारखा! गावातली झाडून सगळी खाती एकाच शाखेत, त्यामुळं झाकलेलं पण सगळ्यांचं सेम टू सेम. ते बघितलं आणि सोडून दिलं, ईव्हीपीवर (ओपनएसएसएलचीच वरच्या पातळीची फंक्शनं) आलो, एईएस २५६ सीबीसी, म्हणजे ३२ बाइटची किल्ली आणि १६ बाइटचा प्रत्येक तुकडा (ब्लॉक) आधीच्या झाकलेल्या तुकड्यात मिसळून झाकायचा. आता एका सभासदाचा मजकूर म्हणजे १५ आकडी खाते नंबर, मधे उभी रेघ आणि मग ११ अक्षरांचा आयएफएससी, एकूण २७ बाइट. आयव्ही, म्हणजे पहिल्या तुकड्यात मिसळायचे सुरुवातीचे बाइट, कोडमध्येच १६ बाइटचा लिहून ठेवलाय. किल्ली म्हणजे संस्थेचं नाव, ३२ बाइटपर्यंत कापून. (इंग्रजी शब्द तसाच 'की' लिहिला तर वाचताना घोळ होतो म्हणून किल्लीच म्हणतो.)

आता अडचण. करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत ४१२ सभासद आहेत, त्यातले ३६१ तालुक्याला अगदी बरोबर उघडतात आणि ५१ उघडतच नाहीत. आणि दर बिलाला तेच ५१! बहुतेकांना 'रॉन्ग फायनल ब्लॉक लेन्थ' असा एरर येतो, दोघांना 'बॅड डिक्रिप्ट'. मला वाटलं या लोकांची माहितीच चुकीची भरली असणार, म्हणून संस्थेत जाऊन पासबुकं समोर घेऊन ५१ खाती परत टाइप केली. काही फरक नाही. गेल्या बिलाला सेक्रेटरींनी त्या ५१ जणांची यादी हातानं लिहून बँकेत दिली आणि त्यांचे पैसे चार दिवस उशिरा जमा झाले. त्यात एक म्हातारी आहे, एका म्हशीवर घर चालतं तिचं, ती रोज सकाळी दूध घालायला आली की विचारायची, बाळा माझं बिल कधी येणार. मला तोंड वर करून बोलता येईना.

कुणी सांगेल का काय चुकतंय? एईएसमध्येच काही आकड्यांना अडचण येते असं असतं का?

पंचगंगा_बिट लिहितात:

भावा, एईएसला कुठल्याच आकड्याची अडचण येत नाही, ते पहिलं डोक्यातनं काढा. १६ बाइट आत, १६ बाइट बाहेर, आत काहीही असू दे. तुमच्या सभासदांची माहितीसुद्धा बरोबर असणार असं मला वाटतंय.

दोन गोष्टी सांगा. एक, झाकलेला मजकूर फाइलीत लिहिताना त्याची लांबी कशी काढता? ती ओळ जशीच्या तशी टाका. दोन, किल्लीतलं एक अक्षर बदलून तीच ४१२ खाती परत झाका आणि उघडा, मग किती अडकतात आणि कोण अडकतात ते बघा. आत्ताच करा, दहा मिनिटांचं काम आहे.

उद्यमनगर_सी लिहितात:

केलं दादा. आता ४६ अडकले आणि वेगळेच! आधीच्या ५१ मधले फक्त सहाजण त्यात आहेत. म्हणजे माहितीचा काही संबंध नाही हे कळलं पण कारण अजून कळत नाहीये.

लिहायचा भाग असा आहे. ६४ बाइटचा बफर, मेमसेटनं आधी शून्य करतो. मग ईव्हीपी_एन्क्रिप्टअपडेट, मग ईव्हीपी_एन्क्रिप्टफायनल_ईएक्स. त्यानंतर

लांबी = स्ट्रलेन(बफर);

आणि फाइलीत आधी ही लांबी, मग तेवढे बाइट एफराइटनं.

पंचगंगा_बिट लिहितात:

सापडलं. तुमचा सगळा आजार त्या स्ट्रलेनमध्ये आहे.

स्ट्रलेन काय करतं, पहिला शून्य बाइट सापडेपर्यंत मोजत जातं. साध्या मजकुरात शून्य फक्त शेवटी असतो म्हणून तिथं ते चालतं. पण झाकलेला मजकूर हा मजकूर नसतोच ओ, तो नुसता बाइटांचा ढीग असतो आणि त्यात ० ते २५५ यातलं काहीही कुठंही येऊ शकतं. समजा एखाद्याच्या ३२ बाइटांत अकरावा बाइट शून्य आला, तर स्ट्रलेन सांगणार लांबी १०, तुम्ही दहाच बाइट लिहिणार आणि बाकीचे २२ गेले. तालुक्याला दहा बाइट मिळाले, १६ च्या पटीत नाहीत, म्हणून 'रॉन्ग फायनल ब्लॉक लेन्थ'.

हिशोबच करून बघा. एक बाइट शून्य नसण्याची शक्यता २५६ मध्ये २५५. असे ३२ बाइट, म्हणजे एकही शून्य नसण्याची शक्यता साधारण ८८ टक्के. उरलेले १२ टक्के अडकणार. ४१२ चे १२ टक्के म्हणजे ४९ च्या आसपास. तुमचे आधी ५१ होते, किल्ली बदलल्यावर ४६. बरोबर तिथंच आहे. आणि ते दोन 'बॅड डिक्रिप्ट' वाले, त्यांचा पहिला शून्य बरोबर सतराव्या जागी आला असणार, त्यामुळं लांबी नेमकी १६ भरली, पटीत बसली, पण पॅडिंगचा (१६ ची पट भरायला शेवटी जोडलेले बाइट) शेवटचा ब्लॉकच गायब म्हणून एरर वेगळा आला. उघडून बघा, पैज लावतो.

दर वेळी तेच ५१ का, तर किल्ली पण तीच, आयव्ही पण तोच आणि खातं पण तेच, मग बाहेर येणारे ३२ बाइटही तेच. ती दुसरी चूक आहे, तिच्याकडं नंतर येतो.

लांबी फंक्शनच सांगतं, वेगळी मोजायची नाही. अपडेटला एका इंट व्हेरिएबलचा पत्ता देता ना, त्यात किती बाइट बाहेर आले ते येतं. २७ बाइट दिले तर तिथं १६ येणार. मग फायनलला बफर अधिक १६ असा पत्ता द्यायचा आणि दुसरा इंट, त्यात परत १६ येणार. दोन्हींची बेरीज ३२, हीच खरी लांबी. आणि प्रत्येक फंक्शन १ परत देतं का ते तपासा, नाही दिलं तर तिथंच थांबा. पुष्कळ जणांच्या कोडमध्ये हे तपासलेलंच नसतं आणि मग चूक एकीकडं अन् एरर दुसरीकडं असं होतं.

आता आयव्ही. तो कायमचा ठेवू नका. नवराबायको दोघंही सभासद आहेत आणि खातं एकच, असं गावात किती तरी घरांत असतं, तुमच्या फाइलीत त्या दोन ओळी हुबेहूब दिसत असणार. आणि मागच्या बिलाची फाइल शेजारी ठेवली की कुणी खातं बदललं तेही कळतंय. दर ओळीला रँड_बाइट्सनं (ओपनएसएसएलचं यादृच्छिक बाइट देणारं फंक्शन) नवे १६ बाइट काढा आणि ओळीच्या पुढं उघडेच लावा, आयव्ही लपवायचा नसतो, फक्त आधीच कुणाला ओळखता येऊ नये. मग एकूण ४८ बाइट, बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) केलं की ६४ अक्षरं, सीएसव्हीत सुद्धा नीट बसतं.

मास्तर_राजारामपुरी लिहितात:

वरचं उत्तर अगदी बरोबर आहे, फक्त थोडी भर घालतो. मी बरीच वर्षं सी शिकवतोय आणि स्ट्रलेनची ही चूक दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या प्रोजेक्टमध्ये सापडते. मूळ काय, तर सी मध्ये मजकूर आणि बाइट दोन्हीला आपण कॅरच म्हणतो. झाकलेल्या बफरला अनसाइन्ड कॅर म्हणायची सवय लावा, वॉर्निंग चालू असल्या तर स्ट्रलेनला दिला की कंपायलर निदान कुरकुर तरी करतो.

आमच्या काळात ग्लिबसीमध्येच (लिनक्सची सी लायब्ररी) सेटकी आणि एन्क्रिप्ट अशी दोन फंक्शनं होती, डीईएससाठी, म्हणजे एईएसच्या आधीच्या जुन्या पद्धतीसाठी. त्याला ६४ कॅरचा अ‍ॅरे द्यावा लागायचा आणि एका कॅरमध्ये एकच बिट, शून्य नाहीतर एक! पोरांना ब्लॉक सायफर म्हणजे काय हे त्यावरनं फार छान समजायचं, बिट न् बिट डोळ्यांना दिसायचा. पण डीईएसची किल्ली ५६ बिटांचीच, १९९८ साली ईएफएफ या अमेरिकन संस्थेनं खास मशीन बांधून ५६ तासांत ती शोधून दाखवली होती. ती फंक्शनं २०१८ च्या ग्लिबसी २.२८ पासून नव्या प्रोग्रामला मिळत नाहीत आणि ते योग्यच झालं. कुणाकडं जुन्या सीडीतला तसला कोड असेल तर तो शिकायला वापरा, संस्थेच्या पैशाला नको.

आता तुमच्या किल्लीबद्दल, हे मला जास्त काळजीचं वाटतंय. संस्थेचं नाव तुम्ही मराठीत ठेवलंय ना? देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना मात्रा वेलांटी सुद्धा, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) ३ बाइटांचं. 'कोल्हापूर' हे कागदावर चार अक्षरं दिसतात पण आत ९ खुणा आहेत, म्हणजे २७ बाइट. आणि त्या तीन बाइटांतला पहिला कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५ (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे आकडे). म्हणजे तुमच्या ३२ बाइटांतले ११ बाइट सगळ्या जगाला माहीत, ११ बाइटांना दोनच पर्याय, आणि खरी बदलणारी जागा फक्त १० बाइटांची. ते १० पण संस्थेच्या बोर्डावर रंगवलेले आहेत, दुधाच्या प्रत्येक स्लिपवर छापलेले आहेत. २५६ बिटांचं एईएस म्हणायचं आणि किल्ली दारावर टांगायची असं झालं हे.

किल्ली ही रँड_बाइट्सनं काढलेले ३२ बाइट असावेत, दर संस्थेची वेगळी. मशीनवर वेगळ्या फाइलीत ठेवा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि त्याच किल्लीची नक्कल तालुक्याच्या मशीनवर. पण ज्या पेनड्राइव्हवर बिल जातं त्याच पेनड्राइव्हवरनं किल्ली कधीही नेऊ नका. कोडमध्ये अक्षरांत लिहून ठेवाल तर स्ट्रिंग्ज ही एक कमांड मारली की बाहेर पडते. पासवर्डवरनंच किल्ली करायची असेल तर पीबीकेडीएफ२ (पासवर्ड पुन्हा पुन्हा घुसळून किल्ली काढायची पद्धत) वापरा, १६ बाइटांचा सॉल्ट (सोबत मिसळायचे यादृच्छिक बाइट), एसएचए-२५६ हे घुसळायचं सूत्र आणि ६ लाख फेऱ्या. संस्थेतल्या छोट्या मशीनवर तेवढ्याला थोडा वेळ लागेल पण ते सकाळी मशीन चालू करताना एकदाच करायचं आहे.

आणखी एक, सभासदाचं नाव पण झाकणार असाल तर ६४ चा बफर पुरणार नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव मिळून २१ खुणा आणि दोन जागा मोकळ्या धरल्या तरी ६५ बाइट झाले, झाकल्यावर ८०. आणि मजकूर नेमका ६४ बाइटांचा असला तरी पॅडिंगचा अख्खा १६ बाइटांचा ब्लॉक जास्तीचा लागतोच, तेही ८०. बफर नेहमी मजकूर अधिक एक ब्लॉक एवढा घ्या.

कागल_लिनक्स लिहितात:

ओपनएसएसएलच पाहिजे असं काय नाही, लिबजीक्रिप्ट ही लायब्ररी पण चांगली आहे, मी तीच वापरतो. फक्त तिथं सीबीसीला पॅडिंग आपोआप होत नाही, २७ बाइट दिले तर ते सरळ एरर देतं, पॅडिंग आपलं आपण करायचं, आणि सुरुवातीला एकदा जीक्राय_चेक_व्हर्जन बोलवायचं विसरायचं नाही. बाकी ओपन, सेटकी, सेटआयव्ही, एन्क्रिप्ट, क्लोज, पाच फंक्शनांत काम झालं. पण तुमचं ईव्हीपीवर बसलंय तर आता परत बदलत बसू नका.

पंचगंगा_बिट लिहितात:

मास्तर, किल्लीचा तो बाइटांचा हिशोब मी कधी केला नव्हता, नाद खुळा. आमच्याकडं पण एक जुनं सॉफ्टवेअर असंच आहे, उद्या ऑफिसला गेल्या गेल्या बघतो.

शाहूपुरी_एनबी लिहितात:

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतोय आणि कृपा करून तो हलक्यात घेऊ नका, कारण इथं लोकांच्या घामाचे पैसे आहेत.

वरचं सगळं दुरुस्त केलं की खाते नंबर कुणाला वाचता येणार नाहीत, ठीक. पण बिलाच्या फाइलीत खरी भीती वाचण्याची आहे की बदलण्याची? खाते नंबर कुणाला कळला तर फार तर काय होईल, पण खाते नंबर कुणी बदलला तर दहा दिवसांचं दूध दुसऱ्याच्या खात्यात जाईल. सीबीसी फक्त झाकतं, राखत नाही. दोन प्रयोग सांगतो, घरी करून बघा.

पहिला. १७ नंबरच्या सभासदाचा झाकलेला मजकूर उचला आणि २०३ नंबरच्या ओळीत चिकटवा. किल्ली माहीत असायची गरजच नाही, नुसतं कॉपी पेस्ट. तालुक्याला फाइल उघडा. एक एरर येणार नाही आणि २०३ चे पैसे १७ च्या खात्यात जाणार.

दुसरा जास्त वाईट आहे. आयव्ही आता ओळीच्या पुढं उघडा ठेवणार ना? सीबीसी उघडताना पहिला ब्लॉक उलगडतो आणि मग त्याच्यावर आयव्ही एक्सऑर होतो (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०). तुमच्या मजकुरात पहिले १५ बाइट म्हणजे अख्खा खाते नंबर, सगळाच्या सगळा पहिल्या ब्लॉकमध्ये. आता आयव्हीच्या पंधराव्या बाइटचा शेवटचा बिट उलटा करा. खाते नंबरचा शेवटचा आकडा ४ असेल तर ५ होतो, ८ असेल तर ९. पॅडिंग दुसऱ्या ब्लॉकमध्ये असल्यामुळं त्याला धक्काच लागत नाही, एरर नाही, काही नाही. म्हणजे किल्ली नसताना, आत काय आहे ते न वाचता, माणूस हवा तो आकडा फिरवू शकतो.

म्हणून जीसीएमवर या, ही पद्धत झाकते आणि कुणी काही बदललंय का तेही तपासते. एईएस २५६ जीसीएम, आयव्ही १२ बाइट, शेवटी १६ बाइटांचा टॅग, म्हणजे किल्ली आणि मजकुरावरनं काढलेला तपासणीचा शिक्का. पॅडिंग नाही, २७ आत २७ बाहेर. एक बिट जरी हलला तरी टॅग जुळत नाही.

पण तेवढ्यानं पहिला प्रयोग अडत नाही बरं का, कारण १७ नंबरचा मजकूर टॅगसकट उचलला तर तो टॅग बरोबरच आहे. तिथं एएडी वापरायचं, म्हणजे असा मजकूर जो झाकायचा नाही पण टॅगमध्ये बांधायचा. त्यात संस्थेचा कोड, सभासद नंबर, बिलाची मुदत आणि रक्कम घाला. रक्कम फाइलीत उघडीच राहू दे, सेक्रेटरींना डोळ्यांनी वाचायची असते, पण टॅगमध्ये बांधल्यावर एक रुपया जरी कुणी हलवला तरी ती ओळ उघडणार नाही. सभासद नंबर बांधला म्हणजे १७ चं २०३ ला चिकटणार नाही. मुदत बांधली म्हणजे मागच्या बिलाची ओळ या बिलात घुसणार नाही. फक्त अख्खी ओळच कुणी उडवली तर हे कळणार नाही, त्यासाठी शेवटी एकूण ओळी आणि एकूण रकमेची एक ओळ, ती पण तशीच टॅग लावलेली.

कोडमध्ये क्रम असा. इनिटला किल्ली आणि आयव्ही. मग अपडेट, पण बाहेरच्या बफरच्या जागी नल द्यायचं, तेव्हा तो एएडी धरतो. मग खऱ्या मजकुराचं अपडेट, मग फायनल, मग सीटीआरएल फंक्शननं टॅग काढून घ्या. उघडताना टॅग फायनलच्या आधी सेट करायचा. आणि हे नीट वाचा: उघडताना अपडेट तुम्हाला खाते नंबर देऊन मोकळं होतं, टॅग तपासला जातो फायनलला. फायनलनं १ दिल्याशिवाय तो खाते नंबर कुठंही वापरू नका, स्क्रीनवर सुद्धा दाखवू नका.

जीसीएमचं एक पथ्य फार कडक आहे, एका किल्लीखाली तोच आयव्ही दोनदा वापरायचा नाही. सीबीसीत झालं तर थोडं फुटतं, जीसीएममध्ये दोन मजकुरांचा एक्सऑर उघडा पडतो आणि टॅग खोटा करायची सोय पण होते. काउंटर ठेवाल आणि संकलनाच्या मधे लाइट गेली, मशीन परत चालू होऊन काउंटर पहिल्यापासून सुरू झाला की संपलं. दर ओळीला रँड_बाइट्सनं १२ बाइट काढा, सोपं. तसं एका किल्लीवर ४२९ कोटी वेळा चालतं, तुमच्या ४१२ ओळी वर्षाला ३६ बिलं म्हणजे पंधरा हजार सुद्धा होत नाहीत.

उद्यमनगर_सी लिहितात:

तीन दिवसांनी लिहितोय, सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

पहिलं, पंचगंगा दादा, बेरीज घेतली आणि ४१२ च्या ४१२ उघडले. 'बॅड डिक्रिप्ट' वाल्या दोन्ही जुन्या ओळी काढून बघितल्या, दोन्हींची लांबी बरोबर १६. अंगावर काटा आला. त्या म्हातारीची ओळ पण उघडून बघितली, तिचा चौथा बाइट शून्य होता, फाइलीत तिचे फक्त तीन बाइट गेले होते. एवढ्याशा गोष्टीसाठी ती चार दिवस वाट बघत होती.

दुसरं, शाहूपुरी सरांचे दोन्ही प्रयोग केले. माझ्या स्वतःच्या मशीनवर, खोट्या खात्यांवर. चिकटवलेली ओळ मुकाट उघडली, आयव्हीचा बिट फिरवला तर ४ चा ५ झाला आणि प्रोग्रामनं बरोबर आहे म्हणून सांगितलं. दुकानातल्या सगळ्यांना बोलवून दाखवलं. आमचे मालक इंजिनियर नाहीत, पण ते बघून स्वतः म्हणाले की असलं बाहेर जाता कामा नये, पाहिजे तेवढा वेळ घे.

मग जीसीएम केलं, एएडीत चारही गोष्टी घातल्या, आणि एकही ओळ तालुक्याच्या मशीनवर उघडेना! ४१२ च्या ४१२ टॅग फेल. दिवसभर कोड तपासला, काही चूक दिसेना. रात्री दोन्हीकडचा एएडी बाइट बाइट छापून शेजारी शेजारी ठेवला तेव्हा कळलं. संस्थेच्या मशीनवर रक्कम मराठी आकड्यांत आहे, स्लिपवर तशीच छापायला लागते, आणि तालुक्याचं सॉफ्टवेअर फाइल वाचताना ते इंग्रजी आकडे करून घेतं. चार आकडी रक्कम इकडं १२ बाइट, तिकडं ४. माणसाला एकच दिसते, टॅगला कशी दिसणार. आता रक्कम पैशात मोजून ८ बाइटांचा पूर्णांक करतो, सभासद नंबर ४ बाइटांचा, दोन्हीकडं बाइटांचा क्रम ठरवून दिलाय, मोठा बाइट आधी.

किल्ली पण बदलली, मास्तर. दर संस्थेला वेगळे ३२ बाइट. मी स्वतः गावात जाऊन मशीनवर बसवतो, तालुक्याला दुसऱ्या दिवशी वेगळा जातो.

मास्तर_राजारामपुरी लिहितात:

फार बरं वाटलं वाचून. ठरलेल्या लांबीचे आकडे घेतलेत ते उत्तम केलंत, नाहीतर नुसते आकडे एकापुढं एक चिकटवले असते तर सभासद १२ आणि रक्कम ३४५, किंवा सभासद १२३ आणि रक्कम ४५, दोन्हींचा एएडी सारखाच झाला असता.

एक करा, प्रोग्राम चालू होताना एक तपासणी ठेवा. एईएसच्या मानकातच, २००१ च्या फिप्स १९७ मध्ये, १२८ बिटांचं एक उदाहरण दिलंय, किल्ली ०० ०१ ०२ पासून ०एफ पर्यंत, आणि मजकूर ०० ११ २२ पासून एफएफ पर्यंत. ईसीबीनं (प्रत्येक ब्लॉक सुटा सुटा झाकायची साधी पद्धत), पॅडिंग बंद करून झाकलं की पहिले चार बाइट ६९ सी४ ई० डी८ असे आले पाहिजेत. ईसीबी फक्त एवढ्या तपासणीपुरतं वापरायचं. कुठल्या गावातल्या मशीनवर कसली लायब्ररी बसलीय कुणास ठाऊक, नाही जुळलं तर बिलाची फाइल तयारच करू नका.

पंचगंगा_बिट लिहितात:

आणि किल्ली वापरून झाली की ती बफरमधनं पुसताना मेमसेट वापरू नका, त्यानंतर तो बफर कुठं वापरला जात नाही असं बघून कंपायलर ती ओळच उडवू शकतो. ओपनएसएसएल_क्लेन्स आहे त्यासाठी.

उद्यमनगर_सी लिहितात:

दोन्ही घातलं. काल संध्याकाळचं संकलन झाल्यावर संस्थेत बसून शेवटची चाचणी घेतली, सेक्रेटरी आणि मी. त्यांनाच सांगितलं की फाइलीत हवं ते बदला. त्यांनी एकाची रक्कम ३,४८० ची ३,४८१ केली. उघडताना तेवढी एक ओळ लाल झाली, सभासद नंबरसकट, बाकी ४११ बरोबर. ते म्हणाले आता मला रात्री झोप लागेल.

२१ तारखेला नव्या पद्धतीनं पहिलं बिल जाणार आहे. एकच शंका राहिली, जुन्या सीबीसीतल्या फाइली पण अधूनमधून उघडायला लागतात, ऑडिटला मागतात. दोन्ही कोड कसे सांभाळू?

शाहूपुरी_एनबी लिहितात:

दर ओळीचा पहिला बाइट आवृत्तीचा ठेवा, नव्याला २. मग एक बाइट आवृत्ती, १२ आयव्ही, २७ मजकूर, १६ टॅग, एकूण ५६, बेस६४ मध्ये ७६ अक्षरं. आवृत्तीचा बाइट सुद्धा एएडीत बांधा. आणि जुनं उघडणारा कोड वेगळ्या प्रोग्राममध्ये काढा, फक्त वाचायला, ज्या प्रोग्राममधनं बँकेला पैसे जातात त्यात तो अजिबात ठेवू नका, नाहीतर कुणीतरी जुन्या पद्धतीची ओळ नव्या बिलात घालेल आणि प्रोग्राम ती आनंदानं घेईल. २१ ला फाइल गेली की इथं कळवा.

उद्यमनगर_सी लिहितात:

गेली. ४१२ पैकी ४१२, सगळे पैसे त्याच दिवशी जमा झाले. आज सकाळी संस्थेत गेलो होतो, म्हातारीनं काही विचारलं नाही, किटली रिकामी करून सरळ घरी गेली.